कवेचे माप

कार्तिकातल्या सकाळी हुडकेश्वरकडून गवताच्या बैलगाड्या शहरात शिरत, तेव्हा आमची सारी गल्ली एका कोरड्या, किंचित गोडसर वासाने भरून जाई. दव अंगावर घेऊन आलेले ते पिवळे गवत कोवळ्या उन्हात वाफ सोडू लागे आणि बाबांच्या टांग्याची घोडी, चंद्री, दावणीला नाक घासत अधीर होई. तो वास आजही कुठे आला की माझे हात नकळत छातीपाशी मिटतात.

बाबा गवत कवेने मोजत. दोन्ही हात पसरून जेवढे छातीशी आवळता येईल, तेवढी एक कव. थंडीत गवत हीच जनावराची शेगडी, म्हणून कव भरगच्च. वैशाखात घोडीचे मन पाण्याकडे, म्हणून सैल. पाऊस लागला की कोरड्याला हिरव्याची जोड. अशा ऋतूंच्या हिशेबाने रचलेली त्यांची गवताची गंजी पोळ्याच्या सुमारास बरोबर संपून जमिनीला टेके. दिवाळीनंतर स्टँडवरचे टांगेवाले त्यांना विचारायला येत, यंदा किती भरू, आणि बाबा घोड्याच्या पाठीवरून नुसता हात फिरवून सांगत. शब्दांना कंजूष असलेल्या त्या माणसाचा तेवढाच एक अभिमान होता.

ज्या वर्षी मांडीचे हाड मोडून ते खाटेला खिळले, त्या वर्षी टांगा माझ्या धाकट्या भावाकडे गेला आणि गंजी माझ्याकडे आली. रोज संध्याकाळी आतून प्रश्न येई, कवा किती टाकल्या, भरून टाकल्या ना. मी त्यांनीच ठरवून दिलेला आकडा सांगे, आणि तो खराच असे. माघ सरला तरी गंजी उंचच राहिली. पोरीच्या हाताला बरकत आहे, असे शेजारणी बाबांना सांगू लागल्या. एकदा जेवता जेवता बाबा म्हणाले, "माह्यापेक्षा तुहा अंदाज पक्का हाय वं." जन्मात त्यांच्या तोंडून ऐकलेले ते पहिले कौतुक.

फाल्गुनात, रानोमाळ पळस पेटलेला असताना, मी त्यांचा धुतलेला सदरा दोरीवर टाकायला घेतला आणि सहज अंगाला लावून पाहिला. बाह्या माझ्या बोटांच्याही खाली लोंबत राहिल्या. त्या रिकाम्या बाह्यांकडे पाहताना सारे उमगले. आकडा बाबांचा होता, कव मात्र माझी होती. गंजी वाचत नव्हती, चंद्री आटत होती. "काहून वाळून राहिली वं हे?" असे भाऊ विचारत होताच, आणि मी ते उन्हावर ढकलत आले होते.

तरीही मी गवत वाढवले नाही. वाढवले असते तर आकडा बदलला असता, बाबांनी कारण विचारले असते, आणि ते एक वाक्य माझ्यापाशी उरले नसते. एवढेच कारण. इतक्या वर्षांत दुसरे पुष्कळ शोधले, सापडले नाही.

वैशाखात सीताबर्डीच्या चढावर चंद्री गुडघ्यांवर बसली ती उठलीच नाही. घरी येऊन भावाने तिच्या उघड्या पडलेल्या फासळ्यांचे वर्णन केले, तेव्हा बाबांनी नजर आढ्याकडे वळवली. मग म्हणाले, "माहाच अंदाज चुकला." मी उंबऱ्यात उभी होते आणि माझ्या पाठीमागे, अंगणातल्या रखरखीत उन्हात, ती न संपलेली गंजी उभी होती.

त्या दिवाळीनंतर टांगेवाले आले, तर बाबांनी मान हलवली. "मले नाही समजत गा आता." पुढच्या वर्षी कोणी आले नाही.

अखेरच्या दिवसांत ते माझ्याच घरी होते. पौषातल्या एका दुपारी त्यांना उन्हात बसवावे म्हणून मी गोधडीसकट उचलू लागले, तर त्यांच्या पाठीमागे माझे हात एकमेकांना भेटेनात. माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून ते हलकेच म्हणाले, "तुही कव लहानच हाय वं. पयलेपासून."

हे त्यांना त्या क्षणी उमगले, की चंद्री गेली त्याच दिवशी, खाटेवर पडल्या पडल्या, मी विचारले नाही. त्यांना उन्हात नेऊन टेकवले. त्यांनी मात्र माझे मनगट बराच वेळ सोडले नाही.