काचवाल्या चाचांच्या शिव्या

काचवाले चाचा आमच्या गावात शिवी देतच शिरायचे. राम राम नाही, सलाम नाही. तलावाच्या पाळीवरून सायकल खाली उतरली की पहिल्या घरापासूनच सुरू : "काऊन बे लेकाहो, जिवंत आहात का सगळे? का झाले एकदोन कमी?" आमची ढिवरांची, मासे धरणाऱ्यांची वस्ती. सख्ख्या भावानं आवाज चढवला तरी कुऱ्हाड काढणारी माणसं. पण चाचांपुढे सगळे दात काढायचे. "या काचवाले भाऊ, बसा," म्हणून खाट टाकायचे, चहा पाजायचे. सगळं करायचे, फक्त त्यांचं ऐकायचे नाहीत. आज लिहितानाही माझं डोकं फिरतं.

चाचा मलेरियाच्या कामावर होते. राहायला मूल या गावी, फिरती आमच्याकडच्या आठदहा गावांत. सायकलला मागे लाकडी पेटी, पेटीत काचपट्ट्या. ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त काचेवर घ्यायचं, गोळ्या द्यायच्या. गोळी कडूजहर. लोक ती गालात धरून ठेवत आणि चाचांची पाठ फिरली की थुंकत. चाचांना ते पक्कं ठाऊक. मग म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही सोडत नसत. "आ कर. जीभ उचल. आता गाल दाखव." शेजारच्या सखूआजीनं गोळी कोंबडीच्या दाण्यात टाकली तेव्हा ते अंगणात उभे राहून ओरडले होते, "आजी, ताप तुले आला का कोंबडीले? सांग, मी तिच्या नावानं काच बनवतो!" सगळी गल्ली हसली. आजीही हसली. गोळी कोंबडीनंही खाल्ली नव्हती.

मी सातवीत होते त्या वर्षी धान निसवायच्या, लोंब्या बाहेर पडायच्या दिवसांत तापानं गाव झोपवलं. दोन महिन्यांत चार मयती झाल्या. डोक्यात चढणारा मलेरिया, एकदा चढला की माणूस ओळख विसरायचा. मग सरकारकडून औषधात बुडवलेल्या मच्छरदाण्या आल्या. चाचांनी गठ्ठे सायकलवर बांधून तीन खेपांत आणले. घरटी एक, आणि गरोदर बाई असेल तिथे दोन. आमच्या सुमनवहिनीला सहावा लागला होता. चाचांनी तिच्या मच्छरदाणीच्या कोपऱ्यावर निळ्या शाईनं ठळक लिहिलं, 'सुमन'. म्हणाले, "हे तुही. सासऱ्याले देऊ नको, नवऱ्याले देऊ नको. देवानं मागतली तरी देऊ नको."

आणि गावानं काय केलं? एक म्हणे, आत जीव घुसमटते. दुसरा म्हणे, पांढऱ्या कपड्यात मढं झोपवते, जित्या माणसाले नाई. कोणी तिची दोरी वळली, कोणी मिरच्यांच्या रोपावर पांघरली. आमचे बाबा तर पंचासारखे मांडी घालून म्हणाले, "आमच्या बापजाद्यानं कधी लावली नाई मच्छरदानी." चाचा म्हणाले, "तुह्या बापजाद्यातले किती जण म्हातारे होऊन मेले ते सांग मले." बाबांनी बोटं मोजायला घेतली आणि मध्येच विडी पेटवली.

आता माझ्या बाबांचं सांगते. जाळं विणण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. जाळीचं काहीही हातात आलं की ते आधी उजेडात धरून पाहायचे, यात काय अडकेल म्हणून. घरातली दुसरी मच्छरदाणी त्यांनी तशीच धरली. इतकी बारीक वीण हातानं करायची तर वर्ष गेलं असतं. त्यांनी सरळ कापली, काठाला बांबू बांधला आणि तलावात झिंगे धरायला नेली. झिंगे भरभरून आले. जाळं टेकायचा अवकाश, आपोआप वर तरंगत. दुसऱ्या दिवशी अर्धी वस्ती मच्छरदाण्या घेऊन पाण्यात.

चाचांनी ते पाळीवरून पाहिलं. सायकल तिथंच आडवी टाकली आणि पँट-बुटांसकट कमरेएवढ्या पाण्यात शिरले. "झिंगे काऊन वर येऊन राह्यले बे? अक्कल आहे का? औषध आहे त्यात! मच्छराले मारते तेच झिंग्याले मारून राह्यलं, अन् तेच तुम्ही पोराले चारून राह्यले!" एका हातानं बाबांचं जाळं ओढत होते, दुसऱ्या हातानं चष्मा सावरत होते. बाबा सोडेनात. काठावर बायकापोरं पोट धरून हसत होती. मीही हसले. खोटं कशाला सांगू, सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.

त्यानंतर दहाएक दिवसांत वहिनीला हीव भरलं. दादा तेव्हा गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीत कामाला. चाचांनी काच घेतली, गोळ्या दिल्या, त्या तिनं ओकून टाकल्या. चाचांचा आवाज एकदम खाली आला. बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, हात जोडतो. आत्ताच बंडी जुंप. दवाखान्यात ने. दोन जीवाची बाई आहे." बाबा म्हणाले, "आज जाळे ओढून तलाव झाडून राह्यलो भाऊ, अख्ख्या सोसायटीची मासोळी आहे. उद्या सकाळी नेतो ना." चाचांनी स्वतःच बंडी शोधली. पण बैल रानात, गडी तलावावर, प्रत्येकाचं एकच, काही होत नाही भाऊ, ताप तर आहे. बंडी निघाली ती दुपार टळल्यावर. चाचा पुढे सायकलवर, वाट मोकळी करत. मी वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तिनं मला विचारलं, "तू कोनाची पोरगी वं?" डांबरी सडक दिसायला लागली तेव्हा ती गेली. पोटातल्यासकट.

तेरवीला चाचा आले. आमच्याकडे भात शिजवून धुतलेल्या चटईवर ढीग लावतात. त्या ढिगावर माश्या बसू नयेत म्हणून काहीतरी पांढरं पांघरलं होतं. चाचा जवळ गेले आणि थांबले. कोरी मच्छरदाणी होती. घडीच्या रेघाही मोडल्या नव्हत्या. चाचांनी वाकून कोपरा उचलला. निळ्या शाईत 'सुमन'. लग्नाकार्याला कामी येईल म्हणून आमच्या घरच्यांनी ती पेटीत जपून ठेवली होती. वहिनी तापात फणफणत होती तेव्हा तिच्यापासून चार हातांवर, कुलपात.

सगळे चाचांकडे पाहत होते. मला वाटलं, आता हा माणूस मांडव डोक्यावर घेणार. घ्यावा, असं फार वाटत होतं. चाचांनी कोपरा होता तसा खाली ठेवला, रुमालानं बोटं पुसली आणि निघाले.

मी पाळीवर धावत गेले. "चाचा, शिव्या द्या ना त्याईले. द्या ना!"

सायकल धरून ते उभे राहिले. "कोनाले देऊ बेटा? मले वाटे, मी शिव्या देतो, हे हसते, म्हंजे कानात तरी जाते." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू तिची बहीण का?"

"नणंद."

"हं," म्हणाले, आणि गेले. पुढे त्यांनी दुसरीकडे फिरती मागून घेतली. नवा माणूस आला, गोड बोलायचा. त्याचंही कोणी ऐकलं नाही.

मला पुष्कळ वर्षं चाचांचा राग येत होता, तेही गप्प बसले म्हणून. आता येत नाही. आता मीच नर्स आहे, याच भागात फिरते, आणि तापाचा पेशंट दिसला की तोंडातून पहिली शिवीच निघते. मग सांगते, आ कर, जीभ उचल, गाल दाखव. लोक म्हणतात, बाई फार खवीस आहे. असू दे.

बाबा ऐंशीच्या पुढे गेलेत. त्या तेरवीनंतर ते एक दिवस मच्छरदाणीशिवाय निजले नाहीत. दिवेलागणीला स्वतः चार दोऱ्या बांधतात, कडा गादीखाली खोचतात, कुठे फट राहिली का म्हणून हात फिरवून पाहतात आणि आत जाऊन बसतात. येणारेजाणारे कौतुक करतात, म्हातारा किती जपतो स्वतःला. मी तेवढा वेळ बाहेर अंगणात जाऊन उभी राहते. नाहीतर चाचांनी त्या दिवशी दिली नाही ती शिवी माझ्या तोंडून निघेल, आणि ती माझ्या बापाला लागेल.