पंपामागची विहीर

नाचणगावच्या तानबा ताकसांडेची पोरगी जागृती नेमकं काय काम करते, हे गावात कुणालाच नीट सांगता येत नसे. "पेट्रोल पंपाच्या लायनीत हाय," असं तानबा सांगे, आणि ऐकणाऱ्याला वाटे, पोरगी वर्दी घालून गाड्यांत पेट्रोल भरत असेल. ती मात्र कधी पंपावर उभीसुद्धा राहिली नव्हती. पुलगावहून सकाळची गाडी धरून ती वर्ध्याला उतरायची आणि आर्वी नाक्याजवळ, एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत जाऊन बसायची. एका तेल कंपनीच्या राज्यभरातल्या पंपांची विक्री तिथल्या पडद्यांवर उमटत असे. कोणत्या पंपावरून किती पेट्रोल गेलं, किती डिझेल गेलं, जमिनीखालच्या टाकीत किती उरलं, सगळं मिनिटामिनिटाला. कंपनीनं ते काम एका ठेकेदाराला दिलं होतं, आणि ठेकेदारानं जागृतीसारख्या बीएस्सी झालेल्या पोरापोरींना.

कोल्हापूर तिनं पाहिलं नव्हतं, नंदुरबारही नाही. पण उसाचे कारखाने सुरू झाले की तिकडचं डिझेल कसं उसळतं, गणपतीच्या आधी कोकणच्या वाटेवरच्या टाक्या कशा तळाला जातात, हे तिला घरातल्या डब्यांसारखं माहीत झालं होतं. कुठं रस्ता अडवला गेला, तर बातमी यायच्या आधीच तिच्या पडद्यावर त्या भागातली विक्री गपकन पडलेली असे. तिला हे काम आवडायचं. त्यात पेट्रोलचा वास नव्हता, हे त्याचं पहिलं कारण.

कारण जागृतीला आगीचं भेव होतं. पुलगावच्या दारूगोळ्याच्या भांडाराला आग लागली, तेव्हा ती कॉलेजात शिकत होती. मध्यरात्री पहिल्या हादऱ्यानं खिडकीचं तावदान तिच्या अंथरुणावर आलं. तानबानं तिला दंडाला धरून उठवलं, आणि गावातल्या लोकांबरोबर दोघं अनवाणी शेताकडं पळाले. मागं आभाळ लाल झालं होतं. पळता पळता बापानं एकदाही मागं पाहिलं नाही, पण तिनं पाहिलं. त्या रात्रीपासून तिनं काडी ओढली नाही. घरातला गॅस तानबा पेटवायचा. त्यावर बापलेकीत कधी बोलणं झालं नाही. तो पेटवून बाहेर जाई, मग ती भाजी टाकायला आत येई.

ही गोष्ट घडली ती एप्रिलात. उन्हानं वर्ध्याचे रस्ते ओस पडले होते. जागृतीच्या नजरेला एक पंप खुपायला लागला. समुद्रपूरहून गिरडकडं जाताना, वस्तीला लागून असलेला तो छोटा पंप. विक्री रोजच्यासारखीच, पण टाकी विक्रीपेक्षा जास्त उतरत होती. गाडीत दहा लिटर पडलं की टाकीतून बारा कमी होत. उन्हानं थोडंफार पेट्रोल उडतं, हे तिलाही ठाऊक होतं, पण एवढं नाही.

खोलीचे मुख्य भैयाजी उमाटे यांना तिनं ते दाखवलं. भैयाजी पन्नाशीचे, मनानं चांगले, पण कंपनीच्या नागपूर कचेरीच्या फोनला फार भिणारे. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पडदा पाहिला.

"मीटरच्या बाहेर विकून राह्यला असंल," ते म्हणाले. "नोटीस जाईल त्याले. तू कायले जीव जाळतं?"

"सर, विकत असता तर एखाद्या येळी एकदम कमी झालं असतं. हे सारखं चालू हाय."

"मग टाकी मोजणारा काटा बिघडला असंल. जागृती, गेल्या पावसाळ्यात तुह्या सांगण्यावरून आपण आष्टीकडचा पंप अर्धा दिवस बंद ठेवला होता. काय निघालं? काट्यात पाणी. नागपूरवाल्यांनी माह्यी किती इज्जत काढली, तुले माहीत हाय."

तिला माहीत होतं. आणखी एक चूक झाली तर ठेकेदार नवीन माणूस बघेल, हेही माहीत होतं. ती जागेवर येऊन बसली.  पण राहवेना, तसं तिनं त्या पंपाला फोन लावला.

व्यवस्थापक महादेवराव पाहुण्यांशी बोलावं तसे गोड बोलले. टाकी ठीक, नोझल ठीक, तुमचं यंत्रच खोटं बोलते, म्हणाले. जागृती फोन ठेवणार, तेवढ्यात पलीकडून एका बाईचा चढा आवाज आला.

"त्याईले इचारा नं, माह्या विहिरीच्या पाण्याले घासलेटवानी वास काऊन येऊन राह्यला? आज घरी साक्षगंध हाय, पन्नास मानूस येऊन राह्यलं!"

जागृतीनं फोन पुन्हा कानाशी घेतला.

"काका, कोण बोलून राह्यलं?"

"काई नाई, मागची पंचफुला. रोजचं हाय तिचं."

"काका, तिच्या हाती फोन द्या."

"अवो ताई..."

"द्या म्हणते नं!"

तिचा आवाज इतका चढला की खोलीतले सगळे वळून बघायला लागले. महादेवरावांनी फोन दिला.

पंचफुलाबाईनं एका दमात सगळं सांगितलं. पंपाच्या मागं तिचं घर, घरामागं विहीर. आठवड्यापासून पाण्याला वास. पिणं कधीच सोडलं, पण धुणंभांडं त्यावरच. आज पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, म्हणून आचारी बोलावला होता. अंगणात चूल खणली होती, विहिरीपासून चार हातांवर. भात टाकायचा होता. चूल पेटवायला लाकडं रचून झाली होती.

"पेटवली का?" जागृतीनं विचारलं. 

"पेटवूनच राह्यला असंल आता. मी इकडं भांडाले आली."

"मावशी, ऐका. फोन इथंच ठेवा, यानं ठिणगी पडू शकते. पळत जा अन् चूल पेटवू देऊ नका. विहिरीच्या मोटारीचं बटन कोनी दाबू नका. बिडी नाई, काडी नाई, काईच नाई. साऱ्याईले रस्त्याच्या पलीकडं घेऊन जा. तुमच्या विहिरीत पेट्रोल हाय, मावशी!"

 पलीकडून फोन कशावर तरी आपटल्याचा आवाज आला, आणि दूर जाणारी हाक, "अरे ए, थांबव रे! काडी टाकू नको!"

फोन चालूच होता. जागृतीनं तो कानाला इतका दाबला होता की कान दुखायला लागला. तिच्या डोळ्यांपुढं ते लाल आभाळ आलं, बाया, लेकरं, कडेवरची बाळं आणि शेताकडं पळणारी माणसं. आता आवाज होईल, असं तिला प्रत्येक श्वासाला वाटत होतं. एखादी गाडी पंपाशी थांबली, कुणी हसलं, कुठं भांडं पडलं, सगळं तिला ऐकू येत होतं. समोरच्या पडद्यावर त्याच पंपाची विक्री चालूच होती. जमिनीखालची नळी फुटली असेल, तर पंप चालू आहे तोवर पेट्रोल मातीत जातच राहणार.

पंप इथूनच बंद करता येत होता. पण ते करायला भैयाजींची परवानगी लागे.

"सर, बंद करा," ती म्हणाली.

भैयाजी तिच्या मागं येऊन उभे राहिले होते.  "नागपूरले इचारतो," म्हणून त्यांनी खिशातला फोन काढला. फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. त्यांनी पुन्हा लावला.

जागृतीनं वाट पाहिली नाही. भैयाजींच्या पडद्याकडं जाऊन तिनं तो पंप बंद केला. भैयाजींनी पाहिलं, पण हात धरला नाही.

विक्री थांबली, आणि त्याबरोबर टाकीही उतरायची थांबली.  काटा बिघडला नव्हता. कुणी चोरतही नव्हतं. पंपाची मोटार चालली की फुटलेल्या नळीतून पेट्रोल थेट मातीत जात होतं, आणि मातीतून त्या विहिरीत.

बऱ्याच वेळानं महादेवरावांनी तो चालूच असलेला फोन उचलला. आता त्यांच्या आवाजात गोडवा नव्हता, ते लहान लेकरासारखे धापा टाकत होते.

"ताई, आचाऱ्याच्या हाती काडीपेटी होती. बाईनं हातावर मारून पाडली. विहिरीत डोकावलं, ताई. वर तवंग हाय, इंद्रधनुष्यावानी."

"सारे लोक बाहेर हायेत?"

"रस्त्याच्या पलीकडं, बाभळीखाली. नवरदेवाकडले आले, ते बी तिथंच बसले."

जागृतीनं फोन ठेवला आणि डोकं टेबलावर टेकलं.  कुणी पाणी आणून दिलं, ते तिला पाजावं लागलं.

समुद्रपूरहून अधिकारी गेले, हिंगणघाटहून अग्निशमनची गाडी गेली. टाकी रिकामी केली, जमीन खणली. नळीला गंजून भोक पडलेलं निघालं. नागपूरला भैयाजींनी सांगितलं, की पंप बंद करायचा हुकूम आपणच दिला होता. ते तिला वाचवण्यासाठी म्हणाले की स्वतःचं नाव व्हावं म्हणून, हे जागृतीला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. नोकरी राहिली, एवढं खरं.

पुढच्या आठवड्यात जबाब घ्यायला कंपनीची जीप निघाली, तेव्हा भैयाजींनी तिलाही पाठवलं. आयुष्यात पहिल्यांदा ती पंपावर उतरली. पांढऱ्या फितीनं सगळं बांधलेलं, खड्ड्यात काळी माती. वास अजून होता. तरी ती पंपामागच्या घराकडं गेली.

विहिरीवर पत्रे ठोकून लाल कापड लावलं होतं. पंचफुलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. जागृतीनं हाक मारली, तशी आवाजावरून तिनं ओळखलं.

"तूच का व ते फोनवाली?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "बस. साक्षगंध झालं मंदिरात. लोक म्हनतेत, त्या पोरीनं वाचवलं. माह्या पोरीले बी तेच सांगतलं मी." मग तिनं विहिरीकडं पाहिलं. "पन माह्यी विहीर गेली. सासऱ्यानं खंदली होती. उन्हाळ्यात बी आटत नव्हती. आता टँकरची वाट पाहतो. अन् रातच्याले डोळा लागत नाई, बाई. वाटते, अंथरुनाखाली बी पेट्रोलच हाय."

जागृती तिच्या शेजारी ओट्यावर बसली. अंगणात खणलेली ती चूल तशीच होती, लाकडं रचलेली, न पेटवलेली.

"आता तरी बंद झालं नं सारं?" पंचफुलाबाईनं विचारलं.

जमिनीत मुरलेलं पेट्रोल कुठवर गेलं, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. उताराकडं आणखी विहिरी होत्या, त्यांचं पाणी तपासायला नेलं होतं, आणि उत्तर यायचं होतं. ओट्यावरून उताराकडची ती घरं दिसत होती. एका घराच्या छपरातून चुलीचा धूर निघत होता.

"तपासून राह्यले, मावशी," ती म्हणाली, आणि उठून त्या धुराकडं भराभर चालायला लागली.