ग्रीसमधलं वाळवण

आमच्या कंपनीत वर्षभर रंगाचे डबे जोरात खपवणाऱ्याला बक्षीस म्हणून परदेश दाखवतात. माझ्या वाट्याला ग्रीस आलं, दोन तिकिटं. बायको शिक्षिका, दहावीच्या पेपरांचे गठ्ठे ऐन त्याच आठवड्यात तिच्या अंगावर पडले. म्हणून दुसरं तिकीट आईला मिळालं. बोईसरच्या आमच्या सोसायटीत याचं फार कौतुक झालं. मुलगा असावा तर असा, असं बायका जिन्यात म्हणायच्या आणि मी मान खाली घालून ते मुकाट ऐकून घ्यायचो.

खरी गोष्ट वेगळी होती. बोईसरजवळच्या दांडी गावात समुद्राच्या अगदी तोंडाशी आमचं घर आहे. वडील गेल्यापासून आई तिथं एकटी राहते, होडीवरून मासळी घेते, खळ्यात वाळवते आणि बाजारात विकते. मला त्या घराचा होमस्टे करायचा होता. एका माहीतगाराने मोबाइलमधले जुने फोटो पाहून सल्ला दिला होता, "मुंबईच्या लोकांना अस्सल कोळी घराचा अनुभव लागतो. घर झकास आहे. फक्त तो वास घालवा." फोटोतूनही त्याला वास आला, म्हणजे माणूस तज्ज्ञच. आता वास बोंबलांचा आणि बोंबील आईचे. आई असेपर्यंत बोंबील हटणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा अस्सल कोळी अनुभवातून आधी कोळीण काढायची आणि तिला फ्लॅटवर आणून बसवायची, तिसऱ्या मजल्यावर, असं मी ठरवलं.

हे तिला फोनवर सांगायचं धाडस होईना. प्रत्यक्ष जाऊन सांगावं तर टार्गेटमधून सवड नव्हती. पासपोर्टच्या कामांनाही तिलाच टमटमने बोईसरला बोलावलं होतं. म्हटलं, ग्रीसमध्ये गोडीगुलाबीने विषय काढू. तिथून ती रागावून उठून जाणार तरी कुठे?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर आई खोलीत नव्हती. हॉटेलखालच्या धक्क्यावर सापडली. एका म्हाताऱ्या कोळ्याशी ती आपल्या भाषेत भांडत होती, तो त्याच्या भाषेत, आणि दोघांचं उत्तम जमलं होतं. तिने मांदेलीएवढ्या माशांची पिशवी घेतली होती. मी कपाळाला हात लावला. हॉटेलात चूल नाही, मासे शिजवणार कुठे? ती पिशवी घेऊन खोलीकडे निघाली. नाश्त्याच्या वेळी आमच्या टेबलावरच्या मिठाच्या डब्या मात्र रिकाम्या झालेल्या दिसल्या.

त्याच दिवशी कंपनीने सगळ्यांना बोटीने एका निर्मनुष्य बेटावर नेलं. काचेसारखं पाणी, पांढरी वाळू, आणि एक टपरीसुद्धा नाही. आमच्या लोकांनी शर्ट काढले, पोटं आत ओढून फोटो काढले. एक जण तर पावलांनी किनारा मोजत होता, कारण बोईसरला तो जोडधंदा म्हणून प्लॉट पाडतो. मी आईला शोधलं. ती थोड्या उंचवट्यावर पोचली होती.

"एवडा ऊन, एवडा वारा," ती म्हणाली, "आनि एक मासळी कोनी सुकत घातली नाय. फुकट चाललाय सगळा."

तिथं कोरीव काम केलेले मोठमोठे सपाट दगड पडले होते. त्यातल्या एकावर तिने मीठ लावलेले मासे ओळीने मांडले होते, डोकी एका बाजूला, जशी ती आमच्या खळ्यात मांडते तशी. हातात काटकी घेऊन ती पाखरं हाकत होती. तिचा चेहरा इतका समाधानी होता की मला वाटलं, हीच वेळ. मी शेजारी बसलो.

"आय, आपलं घर आता जुनं झालंय..." मी सुरुवात केली.

तेवढ्यात आमची गाईड, एक ग्रीक बाई, धावत वर आली. तो दगड म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं थडगं होतं. मी आईला सांगितलं. तिने भराभर मासे पदरात भरले, दगडाला हात लावून तो कपाळाला टेकवला. "माप कर बाबा," ती म्हणाली, "मला काय म्हाईत." ते पाहून गाईड जरा निवळली.

आईने मात्र लगेच विचारलं, "इतं कोनी ऱ्हात नाय, मंग मेला कोन?"

मी प्रश्न इंग्रजीत पोचवला. गाईडने खाडीपलीकडच्या बेटाकडे बोट केलं. ते देवाचं बेट. ते पवित्र राहावं म्हणून तिथं कोणी जन्मायचं नाही आणि मरायचंही नाही, असा कायदा होता. दिवस भरलेल्या बायका आणि दिवस भरत आलेली म्हातारी माणसं होडीत घालून या बेटावर आणून सोडत. देवाचं बेट स्वच्छ राहिलं, लांबलांबून पाहुणे येऊ लागले, धंदा वाढला. हे ती मोठ्या कौतुकाने सांगत होती. माझ्या माहीतगारानेही मला अगदी असंच समजावलं होतं.

"काय सांगते ती?" आईने विचारलं.

"म्हाताऱ्या माणसांना इथं आणत," मी म्हणालो. "हवापालटाला."

आईने त्या दगडांकडे पाहिलं. वर चढत गेलेल्या उतारावर ते कितीतरी होते.

"आनि परत नेत?"

उत्तर मला माहीत होतं, तरी मी तो प्रश्न गाईडला विचारला. तेवढाच वेळ मिळाला. तिने मान आडवी हलवली, आणि ते आईला भाषांतराशिवाय कळलं.

"नाय," मी तरीही म्हणालो.

ती पदरातले मासे नीट करत राहिली. मग म्हणाली, "तू बोल. घर जुना झाला, फुडं?"

मला इतकी लाज वाटली की होमस्टेचा शब्द तोंडातून निघेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "काही नाही. कौलं बदलायला झालीत, एवढंच."

"ती मी दोन वर्सापूर्वी बदलली," आई म्हणाली. "तू आलास कवा बगायला?"