आतल्या खोलीतली माणसं

टांगा अंगणात आला तशी आयने मोनीला तळहाताची खूण केली. आत जा. टांगेवाला परका माणूस. परकं कोणी आलं की माझी धाकटी बहीण आतल्या खोलीत जायची. हे आमच्या घरात इतकं मुरलेलं होतं की आज ताई घर सोडून चाललीय, आज तरी तिला बाहेर थांबू द्यावं, असं कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

तिचं खरं नाव मोनिका. तिसऱ्या वर्षी तापात तिचे कान गेले आणि नुकतं फुटलेलं बोलणंही गेलं. गावातल्या काहींना वाटायचं, मुकी म्हणून हिला मोनी म्हणतात. घरातल्या खुणा आमच्या आम्हीच केलेल्या. बाबा म्हणजे मिशी. आय म्हणजे कपाळावर ओढलेला पदर. मी म्हणजे दोन बोटांत कानाची पाळी धरून ओढणं, कारण माझे कान टोचले तेव्हा मी रडून सारी वाडी गोळा केली होती. टेलिव्हिजनसाठी आमच्याकडे खूण नव्हती. त्यामुळे मी कुठे चाललेय हे मी तिला सांगितलंच नाही.

बाबा शाळामास्तर. ते म्हणाले, "ताठ मानेने राहा." आय टांग्यापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "घरातलं घरात ठेव गं बाय." ती काय म्हणतेय ते मला कळलं. केळीच्या बागेतून टांगा निघाला तेव्हा मी मागे वळून पाहिलं नाही.

सत्तरच्या दशकातली ती मुंबई. टेलिव्हिजन नवं होतं आणि आम्ही सगळेच शिकाऊ. मी महिलांच्या कार्यक्रमाची सहायक म्हणून लागले. क्यू शीट, रिहर्सल, स्पूल, फ्लोअर मॅनेजर हे शब्द महिन्याभरात माझ्या तोंडी बसले आणि वसईची बोली हॉस्टेलच्या ट्रंकेत गेली. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सहज विचारलं, "भावंडं किती?" मी म्हणाले, "मी एकटीच." पहिल्यांदा जीभ अडखळली. पुढे अडखळेनाशी झाली.

नाताळला घरी जायची. मोनी दर वर्षी अधिक पांढुरकी दिसायची, टोपल्याखाली वाढलेल्या कोंबासारखी. ती पाठमोरी असली तरी मी आल्याचं तिला कळायचं. जमिनीतून पावलं तळपायाला लागायची म्हणे. मला मात्र ती मागे येऊन उभी राहिलेली कधी कळायची नाही. मी वळायची आणि ती तिथे असायची.

मी निर्माती झाले तेव्हा ऐंशीचं दशक सुरू झालं होतं. अपंगांबद्दल सगळीकडे बोललं जात होतं. वरिष्ठ म्हणाले, "मुक्या-बहिऱ्या बायकांवर फिल्म करा. तुम्ही वसईच्या, माणसं ओळखीची. तिकडेच जा." नाही म्हणायला माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं.

कॅमेरामन सावंत आणि मी तीन दिवस जीपमधून फिरलो. चंदनसार, फुलपाडा, खाडीकडची गावं, आमच्या ख्रिस्ती वाड्या. भर दुपारची उन्हं, माणसं प्रेमळ, ताडगोळे पुढे करणारी. आणि दर घरी एकच उत्तर: "आमच्याकडे असं कोणी नाही." वाळत घातलेल्या कपड्यांत घरातल्या कोणाच्याच अंगाला न बसणारा एखादा झगा असायचा. शेजारीण सांगायला तोंड उघडायची आणि मिटायची. सावंत म्हणाला, "मॅडम, या तालुक्यात सगळेच धडधाकट दिसतात." मी हसले. आणि वहीत पुढच्या गावाचं नाव शोधू लागले.

तिसऱ्या दिवशी नायगावला मिठागराजवळच्या एका घरात गेलो. म्हातारी ओट्यावर बसली होती. म्हणाली, "कोनी नाय बाय. पानी प्या नि जा." तेवढ्यात आतून आवाज आला. धप. धप. थोडं थांबून पुन्हा धप. सावंतने म्हातारीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मांजर हाय."

मांजर नव्हती. जमिनीवर टाच आपटण्याचा तो आवाज होता. मोनी मला तशीच हाक मारायची. मी चप्पल काढली आणि ओट्याच्या सारवलेल्या जमिनीवर दोनदा टाच आपटली. आत एकदम शांतता. मग दोनदा उत्तर आलं.

म्हातारी रडायला लागली. "तीस वर्सांत तिला कोनी उत्तर नाय दिलं गो," म्हणाली आणि तिने स्वतःच कडी काढली. तिची लेक हिरा दारात आली. डोळ्यांवर हात धरून ती उजेडाकडे बघत राहिली आणि मग वाकून तिने माझ्या पायाला हात लावला, नमस्कारासाठी नव्हे. हीच का ती टाच, हे पाहायला.

परतताना सावंतला वाडीची काही दृश्यं हवी होती. त्याने जीप थांबवली ती नेमकी आमच्या घरासमोर. हे माझं घर, असं मी सांगितलं नाही. क्यू शीटमध्ये डोकं घालून बसून राहिले. दहा मिनिटांनी आम्ही निघालो.

चार दिवसांनी संकलनाला बसलो. ही सगळी फिल्म मुकीच, आवाज नंतर जोडायचा. संकलक शैला एकेक दृश्य पुढे सरकवत होती. एकदम थांबून म्हणाली, "तुम्ही म्हणालात, नायगावच्या हिराशिवाय कोणी सापडलं नाही. मग ही कोण?" चंदनसारच्या घराच्या माडीवर, गजांच्या मागे एक चेहरा होता. पुढच्या घरात दाराच्या फटीत चार बोटं. त्यापुढच्या घरात पडद्याखाली दोन पावलं, न हलणारी. आम्ही जिथे जिथे "कोणी नाही" ऐकलं होतं, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी कोणीतरी कॅमेऱ्याकडे बघत होतं.

मग केळीची बाग आली. घर आलं. आतल्या खोलीची खिडकी.

मोनी सरळ माझ्याकडे बघत होती. कानाची पाळी दोन बोटांत धरून ओढत होती. सोडत होती, पुन्हा ओढत होती. शैला म्हणाली, "हिचा कान दुखतोय का?" दृश्य संपेपर्यंत माझी बहीण मला नावाने हाका मारत होती आणि मी तिच्यापासून वीस पावलांवर खाली मान घालून बसले होते.

"नाही," मी म्हणाले. "ती माझी बहीण आहे. मला बोलावतेय."

दुसऱ्या दिवशी घरी गेले. तू फिल्ममध्ये दिसलीस, लोकांना दाखवू का, हे मोनीला खुणांनी समजावायला अर्धी सकाळ गेली. तिने समजून घेतलं, तोंड धुतलं, रविवारचा झगा घातला आणि जाऊन ओटीवर बसली. रस्त्याने जाणारे थबकत होते. आय आतून तळहात हलवत राहिली. मोनीने तिकडे पाहिलंच नाही. बाबा शाळेतून आले, क्षणभर उभे राहिले आणि तिच्या शेजारी बसले.

कार्यक्रम लागला. पत्रं आली, बहुतेक बायकांची, कित्येक बिननावाची. "आमच्याकडेही एक आहे." त्या पत्रांनी मला पुढचं काम दिलं: या बायकांसाठी शाळा. चंदनसारच्या पार्वतीबाई नावाच्या एका विधवा बाईंनी आपल्या घराची पुढची पडवी दिली. आमच्या चर्चच्या बायकांनी पाळीपाळीने दुपारचं जेवण दिलं. पुढे मी मोठ्या हुद्द्यावर गेले तेव्हा मुंबईतल्या बायकांकडेही मदत मागायला गेले. रुमालात बांधलेली बांगडी हातात ठेवून "यांना कळू देऊ नका" म्हणणाऱ्या कितीतरी भेटल्या. देणारीही लपून आणि जिच्यासाठी द्यायचं तीही लपलेली, असं ते दान होतं. पार्वतीबाईंच्या पडवीत पहिल्या दिवशी तिघी आल्या: हिरा, मोनी आणि फुलपाड्याची एक मुलगी. पुढे मोनीच तिथे शिकवू लागली.

कार्यक्रम लागल्यावर आय माझ्याशी महिनाभर बोलली नव्हती. मग एका दुपारी भाजी चिरता चिरता म्हणाली, "मला लाज नव्हती वाटत. या घरात सून म्हणून आले तेव्हा त्या खोलीत तुझी आत्या होती. माझ्या सासूने मला तीच खूण शिकवली." मी हातातलं काम टाकलं. बाबांना बहीण होती हे मी कधी ऐकलं नव्हतं. आय म्हणाली, "इजाबेल. गावाला वाटायचं मठात गेली. माझ्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी वारली."

बाबा शेजारीच बसले होते; त्यांनी मान खाली घातली. त्यांना तिचा चेहरा आठवत होता, आवाज नाही. तो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

त्या रविवारी फादरांनी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेत इजाबेलचं नाव मोठ्याने वाचलं. मोनी पहिल्या बाकावर होती. लोक का कुजबुजताहेत म्हणून तिने मला विचारलं. आमच्याकडे आत्यासाठी खूण नव्हती. तिथेच, बाकावर बसून, आम्ही एक केली.

वसईकरांनो, तुमच्यातले जे तिथेच राहिले आणि जे माझ्यासारखे निघून गेले, त्यांनी मला विचारलं की आता घर म्हणजे काय, तर मला फक्त एवढंच सांगता येतं: आम्ही घरात चार नव्हतो. इजाबेल धरून पाच होतो.