भट्टीखालचं मीठ

"मीठ हाय, आबासाहेब. मीठ आन फुटक्या काचा. भट्टीखाली दुसरं काय असणार?"

"कुशाबाई, मला येडा समजता व्हय? पोत्यानं मीठ पुरणारा माणूस मी अजून बघितला न्हाय."

"मग बघा की. माझा सासरा. फोटू हाय भितीवर."

इंदापुरात एसटी स्टँडामागं कुशाबाईच्या सासऱ्यानं बेकरी टाकली, ती आबासाहेबांच्या जागेत. चाळीस वर्षं सुखानं भाडं खाल्ल्यावर चौऱ्याण्णव साली आबासाहेबांना साक्षात्कार झाला, की गावाला पावापेक्षा लॉजिंगची गरज जास्त आहे. दिवाळीच्या आत जागा खाली करा म्हणाले.

कुशाबाईनं बारामतीला खेटून जळोचीत पत्र्याचं शेड बघितलं. पण भट्टी काय डोक्यावर घेऊन जाता येत नाही. नवीच बांधायला पाहिजे, आणि दिवाळीच्या आत. बेकरीचं वर्षाचं पोट त्या चार दिवसांवर भरतं.

बँकेचा साहेब लई सज्जन. त्यानं चहा पाजला. गाय घ्या, लगेच कर्ज देतो म्हणाला. ट्रॅक्टरला तर आजच. भट्टीला मात्र जमणार नाही, कारण हप्ता थकला तर ती ओढून नेता येत नाही. "मग गाईच्या पोटात पाव भाजू का?" म्हणून कुशाबाई उठली. इकडं इंदापूरच्या चहावाल्यांनी बेकरी हलणार म्हणजे मेलीच असं धरून उधारीवर पाणी सोडलं. तिला द्यायच्या उधारीवर.

उरलं आबासाहेबांकडचं डिपॉझिट. ते म्हणाले, भट्टी पाडायला खर्च येणार, त्यात गेलं. कुशाबाई म्हणाली, मीच पाडते. सोमनाथ गवंडी आला, दोन विटा काढून बघितल्या आणि चहाच्या टपरीवर जाऊन बोलला, "तळाला म्हाताऱ्यानं पोत्यानं कायतरी भरलंय." झालं. सकाळी आबासाहेब पायात वहाण न घालता हजर.

"तळाला मीठ असलं की धग धरून राहती," कुशाबाईनं परत सांगितलं.

आबासाहेब सगळं कळल्यासारखे हसले. "भट्टी हाय तशी ठेवायची. डिपॉझिट सगळं देतो."

"आन माझ्या विटा हितंच ऱ्हाणार, त्यांचं पैसं?"

"विटांचं बी घ्या."

"सोमनाथ, तू साक्षी हायस. मी मीठच म्हणाले."

"असू द्या, असू द्या!"

धनतेरशीच्या आदल्या दिवशी जळोचीत नवी भट्टी पेटली. बाया घरचा रवा, तूप, पिठीसाखर घेऊन नानकटाई भाजायला रांगेत बसल्या. एवढ्यात आबासाहेबांची जीप आली. अंगठ्याला चिंधी.

"कुशाबाई, मीठच निघालं की हो!"

"मग काय निघायचं हुतं?"

"अंगठा कापला माझा!"

"काचा बी सांगितल्या हुत्या."

"पर तुमी खरं सांगताय असं वाटलंच न्हाय मला! पैसं परत द्या."

"पैसं ह्या भट्टीत गेलं. हिच्या बी खाली मीठच हाय. उकरून बघायचं असलं तर इझल्यावर या."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. आबासाहेब भट्टीच्या तळाकडं बघत उभे राहिले. खरंच बघत होते. सवय अशी जात नाही.

"सरका वाईच, धग लागंल," कुशाबाई म्हणाली आणि लांब दांड्याचं फळकं उचललं. "चंद्राबाई, तुमचा नानकटाईचा पत्रा आना. तूप हात राखून घातलंय जणू?"