बाईंच्या अंगाला वास येतो

मी बालवाडीत लागून दोन महिने झाले होते, तेव्हा एके दिवशी मोठ्या बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून चहा दिला. बालवाडी त्यांच्याच घराच्या तळमजल्यावर भरायची, त्यामुळे स्वयंपाकघर हेच ऑफिस. त्यांचे यजमान बँकेत होते. सुरतेतल्या मराठी पोरांना निदान पहिली अक्षरं तरी मराठीत गिरवता यावीत म्हणून बाईंनी हा उद्योग मांडला होता. एरवी त्या माझ्याशी उभ्या उभ्या बोलायच्या. आज बसवून चहा दिला म्हणजे काहीतरी वाईट असणार, हे मी ओळखलं.

"राग मानू नकोस," त्या म्हणाल्या, "पण तुझ्या अंगाला वास येतो. मुलं घरी जाऊन सांगतात, 'बाईंच्या अंगाला वास येतो.' दोन मुलांच्या आयांनी मला विचारलं, ही मुलगी कुठल्या वस्तीतून येते."

प्लेग येऊन गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सगळं शहर घासूनपुसून काढणं चाललं होतं, आणि त्या झाडूपुढे आमच्यासारखे चाळीतले लोकही आपोआपच यायचे. आम्ही भेस्तानला राहत होतो, मिलकामगारांच्या चाळीत. 'कुठली वस्ती' या प्रश्नाचा अर्थ मला बरोबर कळला.

"गणपतीपर्यंत बघू," बाई म्हणाल्या. "नाहीच जमलं तर मला दुसरी कुणीतरी शोधावी लागेल."

गणपतीला तीन आठवडे होते. मला रडू आलं नाही, राग आला. दिवसातून दोनदा आंघोळ करणारी मी! त्यांच्या त्या गोऱ्या गोमट्या पोरांच्या नाकाला शेंबूड लोंबत असायचा, तो मीच पुसायची. पण राग धरून बसणं मला परवडणारं नव्हतं. आमच्या चाळीतल्या पोरींना दोनच वाटा होत्या, घरात बसून साड्यांचे धागे कापायचे नाहीतर लग्न करायचं. बारावी करून मी तिसरी वाट काढली होती. ती काखेतल्या वासावरून बंद होणार, ही कल्पनाच मला सहन होईना.

घरी आले तेव्हा आई धागेच कापत बसली होती. आम्ही मूळचे अकोल्याकडचे. आईला सुरतेत येऊन वीस वर्षं झाली तरी तिची जीभ काही गाव सोडून आली नव्हती.

"काय झालं वं? तोंड कायले पाडलं?"

मी सांगितलं. आईनं हातातला धागा कापला. मग हळूच म्हणाली, "मले वाटे, तुले ठाऊक असन."

म्हणजे तिलाही येत होता. त्या वाक्याइतकं मला मोठ्या बाईंचंही बोलणं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या मोरीत औषधालय उघडलं. शेजारच्या खोलीतल्या सुरती मावशींनी दारातूनच फर्मान काढलं, "फटकडी घस नी, दीकरी! बद्धू मटी जसे." फटकडी म्हणजे तुरटी; ती घासली की सगळं जाईल, असं त्यांचं म्हणणं. बाबांची दाढीची तुरटी होतीच, ती ओली करून मी आंघोळीनंतर काखेत घासायला लागले. सकाळी नऊपर्यंत बरं वाटायचं. दहाला पोरांना गोष्ट सांगायला बसले की तो आंबूस, कांद्यासारखा वास हळूच वर यायचा. मग लिंबू. अर्धी फोड चोळायची, दहा मिनिटं थांबायचं, धुऊन टाकायचं. केस काढल्यावर लिंबू लावायचं नाही एवढं शहाणपण मला आधी कुणी दिलं नव्हतं, ते मोरीत उड्या मारून मिळालं. मग आईनं बेसन, मसुराचं पीठ आणि हळद कालवून उटणं केलं. मग कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्याची आंघोळ. मग कांदा-लसूण बंद, मेथ्यांचं पाणी सुरू. शेवटी कुणीतरी खायचा सोडा सुचवला. तो मी वाजवीपेक्षा जास्त लावला आणि दोन दिवस दोन्ही काखा लालभडक होऊन आग आग झाली.

वर्गात मी कोपरं कंबरेला चिकटवून वावरायला लागले. 'झाडं कशी वाढतात?' असं विचारून हात वर करायचा आमचा खेळ होता. मी हात वर नेईना, तर पोरंही नेईनात. माझ्या वर्गातली सगळी झाडं कंबरेपर्यंतच वाढायची. आज सांगताना हसू येतं, तेव्हा मात्र मी दर अर्ध्या तासाला संडासात जाऊन मान वाकवून स्वतःलाच हुंगत होते. स्वतःच्याच शरीराची मला शिसारी यायला लागली होती. एक छोटी माझ्या मांडीवर बसायला यायची, ती अलीकडे येईनाशी झाली. तिला मी बोलावतही नव्हते.

दुसरा आठवडा संपत आला आणि श्रावणझड लागली. माझे तीनही पंजाबी ड्रेस दोरीवर ओलेच. नाइलाजानं मी आईच्या ट्रंकेतलं एक जुनं सुती पातळ नेसले, वर तिचंच विटलेलं ब्लाउज, तेही सुतीच, पॉपलिनचं. दोन्ही तिच्या लग्नातली, गावाकडची. साडीत गुंडाळलेली मी पोरांना फारच मजेशीर दिसले असणार. पण दहा वाजले, अकरा वाजले, वास आलाच नाही. छोटी येऊन मांडीवर बसली आणि बसल्या बसल्या झोपली. मोठ्या बाई माझ्या अगदी जवळ उभं राहून काहीतरी सांगून गेल्या, नाक न आखडता. मी मनातल्या मनात कडुनिंबाला साष्टांग नमस्कार घातला.

दुसऱ्या दिवशी ड्रेस वाळले. तोच पाला, तीच तुरटी, आणि साडेदहाला वास हजर.

त्या संध्याकाळी मी मावशींकडून इस्त्री मागून आणली. धुतलेला, वाळलेला, साबणाचा वास येणारा कुर्ता अंथरला आणि काखेच्या शिवणीवरून इस्त्री फिरवली. वाफेबरोबर भपकन तोच वास वर आला. कुर्ता माझ्या अंगात नव्हता. मी त्याला दोन दिवस हातसुद्धा लावला नव्हता. तरी माझा वास त्याच्यात घर करून बसला होता, आणि माझ्या अंगाची ऊब मिळाली की बाहेर येत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी अक्षरशः घातला होता.

मी आईला इस्त्री फिरवून दाखवली. तिनं वास घेतला, कुर्ता हातात चुरगाळून बघितला आणि पहिल्यांदा दाराकडे पाहिलं. बाबा अजून आले नव्हते.

"तुह्या बापाले सांगू नको," ती म्हणाली.

बाबा जवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये घडीखात्यात मुकादम होते. छापून आलेल्या कापडाच्या घड्या तिथं पडायच्या. थानाच्या, म्हणजे ताग्याच्या, टोकाला उरलेले तुकडे, फेंट म्हणतात त्यांना, कामगारांना किलोवर स्वस्तात मिळायचे. सगळं पॉलिएस्टर. माझे ड्रेस, आईची ब्लाउजं, उशांचे अभ्रे, खिडकीचे पडदे, बाबांचे स्वतःचे शर्ट, सगळं त्या फेंटचं. गावाकडून कुणी आलं की बाबा हटकून ऐकवायचे, "सुरतेत राहून कापड इकत घेन तो येडा." दुसरं काही ते आम्हाला फारसं देऊ शकले नाहीत, पण नवं कापड मात्र कधी कमी पडू दिलं नाही. त्या कापडाला नावं ठेवणं म्हणजे काय, ते आईला माझ्या आधी कळलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं आम्ही दोन आठवडे करत होतो, कारण कापडाकडे संशयानं बघायचं आमच्या घरात कुणाला सुचणंच शक्य नव्हतं.

आईनं ट्रंकेतली तिची दोन्ही सुती पातळं काढली आणि कात्री घेतली. मी नको म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. दोन दिवसांत तिनं हातानं तीन सैलसर कुर्ते शिवले. मी तुरटी चालू ठेवली, कुर्ते रोज रात्री गरम पाण्यात भिजवायला लागले, आणि वास गेला. अगदी नाहीसा नाही, पण माणसाचा असावा एवढाच उरला. गणपतीच्या आदल्या दिवशी मोठ्या बाई दारातूनच म्हणाल्या, "ये गं सुट्टीनंतर." चहा दिला नाही. मला त्याचाच केवढा आनंद झाला.

घरी येऊन नोकरी पक्की झाल्याची बातमी सांगितली तेव्हा बाबा पाट मांडून गणपतीची जागा सजवत होते. ते उठले, पिशवीतून एक कागदी पुडकं काढलं आणि माझ्या हातात दिलं. आत कापड होतं, फिकट आकाशी, बारीक पांढऱ्या फुलांचं. फेंट नव्हे, थानातून कापून घेतलेलं, पूर्ण ड्रेसचं.

"आता तू बाई झाली. माह्यासमोर छापून आलं हे. म्या बाजूले काढून ठेवलं होतं," ते म्हणाले. मग माझ्या अंगावरच्या कुर्त्याकडे बोट केलं. "हे आईच्या लुगड्याचं कायले घालत राह्यतं? लोकं काय म्हणतीन, मुकादमाची पोरगी."

आई मला डोळ्यांनी खुणावत होती. नुसतं हो म्हणून ते कापड ट्रंकेत टाकता आलं असतं. पण तीन आठवड्यांची घुसमट माझ्या तोंडाशी येऊन बसली होती आणि माझा स्वभाव हा असा.

"मी नाही घालणार, बाबा. तुमच्या या कापडानंच माझ्या अंगाला वास येत होता. नोकरी जायची वेळ आली होती माझी."

बोलले आणि लगेच वाटलं, ही जीभ झडली असती तर बरं झालं असतं. बाबा रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, कसं म्हणून. मी इस्त्रीचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग त्यांनी मान वळवून आपल्याच शर्टाच्या काखेपाशी नाक नेलं, आमच्या दोघींच्या देखत, आणि बराच वेळ तसेच राहिले.

"जेवणाच्या सुट्टीत माह्या बाकड्यावर कोणी बसत नाही," ते म्हणाले. "किती वर्सं झाली. मले वाटे, मुकादम हाय म्हणून मान ठेवतेत."

बाबा परत पाटापाशी जाऊन बसले आणि माळा लावायला लागले.

मला माझ्या वासाबद्दल दोन महिन्यांत सांगणारं कुणीतरी भेटलं, चहा देऊन का होईना. बाबांना इतक्या वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं. लोकांचं सोडा, आम्हीही नाही. आम्हाला तो वास म्हणजे बाबाच वाटायचे. संध्याकाळी दार उघडायच्या आधीच तो यायचा, आणि बाबा घरी आले म्हणून आम्हाला बरं वाटायचं.