दादाचं मराठी गाणं

माझा दादा आमेरच्या एका गेस्टहाऊसमध्ये परदेशी पाहुण्यांसमोर सोल नावाच्या प्रकारातली इंग्रजी गाणी गायचा. घरी त्याने हे सांगितलं तेव्हा रेल्वेत गार्ड असलेल्या पप्पांनी विचारलं, "सोल? बुटाचा?" पण दादा डोळे मिटून पोटातून आवाज लावायला लागला की पप्पाही पेपर खाली ठेवायचे. गाणी सगळी दुसऱ्यांची. स्वतःचं मराठी गाणं त्याने एकच लिहिलं होतं. पप्पा ड्यूटीवर गेले की आईचं घरात लक्ष लागत नाही, त्याबद्दलचं.

ते आपल्या माणसांना आवडलं तर मुंबईला जायचं आणि मराठीतच लिहायचं, असं त्याने फक्त मला सांगितलं होतं. रेल्वे कॉलनीतल्या जयंतीच्या कार्यक्रमाला सगळी मराठी मंडळी जमायची. त्या वर्षी निवेदन माझ्याकडे होतं. माझी शाळा हिंदी, मराठी घरापुरतं. स्टेजवर जरा भारदस्त बोलावं म्हणून मी माइकवर म्हणाले, "आता माझा दादा मराठी गाण्याची चेष्टा करणार आहे."

अख्खा मंडप हसला. दादाने तरी गाणं सुरू केलं. असलं गाणं तिथे कुणी ऐकलेलं नव्हतं, त्यात माझी ही प्रस्तावना. त्याने जरा सूर लांबवला की हशा पिकायचा. पप्पा मान खाली घालून बसले होते. दुसरं कडवं दादाने गायलंच नाही.

आईने मला मंडपामागे ओढलं. "अगं बाई, मराठीत चेष्टा म्हणजे मस्करी! हिंदीतल्यासारखं कोशिश नव्हे!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच रडत दादाकडे धावले.

"दादा, ते मला हसले. मतलब, माझ्या शब्दाला. तुझ्या गाण्याला नाही."

"शब्द तर बरोबर होता," तो म्हणाला. त्याचीही शाळा हिंदीच. "गाणंच जमलं नाही, छोटी. तू कशाला स्वतःवर घेतेस?"

आईनेही त्याला समजावलं. पण आम्ही त्याची समजूत काढतोय, असंच त्याने धरलं. मला त्याचा रागही आला. माणसाने आपलं गाणं इतक्या सहज वाईट ठरवावं? पण राग कुठल्या तोंडाने करणार? चूक माझी होती आणि ती माझी मानायला तो तयार नव्हता.

पुढे तोही रेल्वेत लागला. आमेरचं गाणं आधी रविवारपुरतं उरलं, मग तेही बंद झालं. परवा त्याच्या मुलीने विचारलं, "पप्पा, तुम्ही मराठीत कधीच नाही गायलात?"

"एकदा गायलो होतो. लोक हसले," दादा म्हणाला. मग माझ्याकडे कौतुकाने बघत तिला म्हणाला, "पण तुझी आत्या इतकी चांगली, मला वाईट वाटू नये म्हणून सगळा दोष तिने स्वतःवर घेतला."